टर्बोपुढची माळ

॥ श्री ॥
कुंभकोणम्, १८ ऑगस्ट २०२४

ती. सौ. महालक्ष्मीआत्यास,
गिरिधरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझी अट पाळतोय. फोनवर तमिळ, कागदावर मराठी, तीही नागरीत. माझी पत्रं वाचून तुमच्या पुण्यातल्या शेजारणी हसतात, असं तुझी कीर्ति सांगत होती. हसू देत. तीनशे वर्षांपूर्वी घर सोडून इकडे आलेल्या माणसांची भाषा आहे, जरा जुनी असणारच. ती तुझी लेक तरी कुठे धड लिहिते?

आता मुद्दा. चेन्नईच्या माझ्या कंपनीनं घरून काम बंद केलंय, नोव्हेंबरपासून सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हायचं. मला जायचं नाही. इन्नंबूरला आपल्या भातशेताला लागून ती रिकामी शेड आहे ना, तिथं मला गाड्यांचं वर्कशॉप काढायचंय. शेड अप्पांची, तेव्हा होकार अप्पांचा हवा. अप्पा म्हणाले की बिघडलेली गाडी कोणीही नीट करतो, चांगली चाललेली अधिक चांगली करून दाखव. विजयादशमीला त्यांना शेजारी बसवून आडुतुरैला मावशीकडे न्यायचं आणि सुखरूप परत आणायचं. जमलं तर शेडची किल्ली, नाही जमलं तर चेन्नई. मी सरी, म्हणजे बरं, म्हणून टाकलं.

गाडी कुठली, ते ओळखलंच असशील. त्यांचीच, वीस वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळलेली पेट्रोल गाडी. तिला टर्बो बसवतोय. त्रिचीच्या भंगारबाजारात एका डिझेल गाडीचा मिळाला, अगदी स्वस्तात. आई म्हणते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तू सारा जन्म इंजिनं तपासण्यात घालवलास, त्यांतली किती फोडलीस ते काका सांगतातच. तर खरा खर्च किती येईल, तेवढं न रागावता सांग.

काकांना नमस्कार. माया आहेच, उत्तरातही थोडी घाल.
तुझा,
गिरिधर

---

पुणे, २६ ऑगस्ट २०२४

चि. गिरिधरास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं आणि माझा स्वयंपाक राहिला. तुझे काका म्हणाले की हिची नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही. त्यांना पिठलं-भात वाढला आणि तुला लिहायला बसले.

आधी एवढं समजून घे. अण्णांची, तुझ्या अप्पांची, गाडी आपल्या दमानं श्वास घेते. पिस्टन खाली येतो तेव्हा जेवढी हवा आत येईल तेवढी तिला पुरते. टर्बो काय करतो, तर बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुरावर पंखा फिरवतो आणि हवा जबरीनं आत कोंबतो. तुझ्या आईच्या, मीनाक्षीवहिनीच्या कॉफी फिल्टरचंच बघ. डिकॉक्शन आपसूक उतरतं तोवर ठीक. घाई झाली म्हणून वरून तळहातानं दाबलंस, तर भांडं लवकर भरेल, पण भुकटीही खाली येईल. दाबायचंच असेल तर चाळणी बदलावी लागते.

आणि टर्बो हा पाहुणा एकटा येत नाही रे. जास्त हवेला जास्त पेट्रोल, म्हणजे पंप आणि इंजेक्टर आले. त्याला तेलाची वेगळी नळी लागते. ताकद वाढली की क्लच घसरतो, वेग वाढला की ब्रेक पुरत नाहीत. इंजिनाचा संगणक नव्यानं शिकवावा लागतो. आरटीओचा आणि विम्याचा कागद तर तू विसरलाच असशील, तो आधी कर! तुझ्या टर्बोच्या दहापट तरी धर. त्यातूनही खरा खर्च निराळाच असतो. कंपनीनं त्या इंजिनात थोडी सहनशक्ती शिल्लक ठेवलेली असते, ऊन, घाट, वाईट पेट्रोल यांसाठी. तू ती खर्चून टाकणार आहेस.

दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि पिस्टनवर घाव बसतात. म्हणून ती थंड करणारी जाळी गाडीच्या तोंडाशी लाव, आणि हवा किती तापली ते सांगणारा काटा तुझ्या डोळ्यांसमोर. बाकी कुठेही चिकटपणा कर, त्या काट्यात करू नकोस.

नको म्हणायला हवं होतं, पण मलाच बघायचंय काय होतं ते! जाळी कुठली, पिस्टन कसे, गाडी कोण जुळवून देणार, सगळं कळव. आशीर्वाद भरपूर आहेत, अक्कल तुझी तू घाल.
तुझी,
आत्या

---

कुंभकोणम्, २९ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

चालली! आत्या, चालली! पहिल्यांदा टर्बोची शिट्टी ऐकली तेव्हा मी एकटाच गाडीत ओरडलो. स्वामिमलैच्या रस्त्यावर एक बस माझ्यापुढे जाऊ बघत होती, ती आरशात बारीक झाली. त्रिचीचे कृष्णमूर्ति म्हणून आहेत, त्यांनी संगणक जुळवून दिला. जाळी पुढे, नंबरप्लेटच्या खालच्या तोंडात छान बसलीय. क्लच तू म्हणालीस तसाच घसरला आणि बदलला. कागदाचा अर्ज टाकलाय.

फक्त तो काटा राहिला. पैसे संपले गं. दीपावलीनंतर घेईन. तोवर कान आहेत की.

एकच गोष्ट टोचते. अप्पा गाडीकडे बघतही नाहीत. परवा तिरुवलंचुळीच्या पिळ्ळैयारला, गणपतीच्या दर्शनाला जायचं होतं, मी सोडतो म्हणालो, तर उन्हात बसनं गेले. आई म्हणते, त्यांना राग नाही, भीती वाटते. मला ते रागासारखंच दिसतं.

विजयादशमीला आमची आठवण काढ. काटा घेतला नाही म्हणून रागावलीस तरी आशीर्वाद थांबवू नकोस.
गिरिधर

---

कुंभकोणम्, १४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास नमस्कार.

इंजिन गेलं. परवा विजयादशमीला आडुतुरैच्या अलीकडेच पितळी ताटावर वाटाणे पडावेत तसा आवाज आला, मग निळा धूर, मग काही नाही. दोरीनं ओढत आणली. रविवारी खोलून बघितलं, तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन फुटलाय.

आता जे लिहितोय ते तुझ्यापाशीच ठेव. आदल्या दिवशी आयुधपूजा, तिला इथं गाड्यांचीही पूजा होते, तुला माहीतच आहे. सकाळी उठून बघतो तर अप्पांनी स्वतः गाडी धुतलेली. गंध-कुंकू लावलं होतं, दोन्ही बाजूंना केळीची रोपं बांधली होती आणि पुढे शेवंतीची ही एवढी जाड माळ, थेट खालच्या तोंडावर. टर्बो बसल्यापासून त्यांनी गाडीला हात लावला तो हा पहिलाच. दुसऱ्या दिवशीची पूजा होईतो माळ काढत नाहीत, आणि पूजा झाल्यावरही मला ती काढवेना. जाळीला हवा कमी मिळणार, हे कळत होतं गं. म्हटलं, हळू चालवीन.

पण रस्ता मोकळा लागला तसे अप्पा म्हणाले की जरा दाखव बघू तुझा टर्बो. मी दाखवला. ते हसले, आत्या! लहान मुलासारखे हसले आणि आणखी म्हणाले. मी आणखी दाबलं.

जाळीच्या पट्ट्यांत पाकळ्या गच्च बसल्या होत्या. त्या मी काढून टाकल्या. अप्पांना सांगितलं की जुळवणीत माझी चूक झाली. माळेचं त्यांना कधीही कळता कामा नये. नोव्हेंबरात चेन्नईला जातो. शेडचा विषय संपला.

रागावू नकोस. आत्ता सोसणार नाही.
गिरिधर

---

कुंभकोणम्, १६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. महालक्ष्मीस,
सुंदररावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बँकेतून सुटल्यापासून मीं कोणास पत्र लिहिलें नाहीं. तुज लिहितों, कारण इंजिनाचें तुज कळतें आणि गप्प बसणेंही कळतें. गिरिस हें सांगूं नको.

गाडी बंद पडली, हें तुज ठाऊक असेल. तो म्हणतो, चूक त्याची. परंतु रविवारीं मीं खिडकींतून पाहिलें. तो चिमट्यानें एकेक पाकळी उपसून कागदांत बांधीत होता, आणि मज पाहतांच तो कागद खिशांत घातला. मज यंत्र कळत नाहीं, पोरगा कळतो.

ती माळ मीं बांधली. इतके दिवस मीं त्याच्या कामाकडे पाठ केली, त्याची भरपाई म्हणून बाजारांतली सर्वांत मोठी माळ आणली. वर गाडींत बसून आणखी जोरानें ने म्हणालों. खरें सांगतों महालक्ष्मी, तसा आनंद मज फार वर्षांत झाला नव्हता.

तेव्हां एकच विचारतों. इंजिन माझ्या माळेनें गेलें काय? तसें असेल तर पोर नापास झाला नाहीं आणि शेड त्याची. पण त्यास कळलें कीं मज कळलें आहे, तर तो उगाच कष्टी होईल. मीनाक्षी म्हणते, तोंडानें विचारा. तें मज होत नाहीं. तो पेटी भरीत आहे.

उत्तर लौकर लिही, माझा जीव त्यांत आहे.
तुझा अण्णा,
सुंदरराव

---

पुणे, २१ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांस सा. न. आणि चि. गिरिधरास आशीर्वाद, दोघांना एकाच पाकिटात.

वहिनी, हे पत्र तुम्ही फोडा. दोघांना समोर बसवा आणि मोठ्यानं वाचा. कोणी उठून जाऊ लागला तर कॉफी देऊ नका.

एका घरात राहता, मधे एक भिंत, आणि पत्रं पुण्याला! दोघांनीही मला शपथ घातल्यासारखं लिहिलंत की दुसऱ्याला सांगू नकोस. अण्णा, माळेचं तुम्हाला कळू नये म्हणून हा चेन्नईला निघालाय. गिरि, अण्णांना माळेचं केव्हाच कळलंय, तू पाकळ्या वेचत होतास तेव्हाच. झालं, मी सांगितलं. माझ्यावर रुसायचं ते दोघं मिळून रुसा.

आता इंजिनाचं. हो अण्णा, त्या दिवशी ते माळेनं गेलं. जाळीची वाट बंद झाली, हवा तापली, पिस्टन फुटला. पण नुसत्या शेवंतीच्या माळेनं जे इंजिन मरतं, ते एखाद्या उन्हाळ्यात मावशीच्या दारातही मेलं असतं. सहनशक्ती आधीच खर्च झाली होती, माळेनं फक्त शेवटचा हिशेब दाखवला. गिरि, तू सगळं घेतलंस आणि जे ओरडून सांगणार होतं तेवढंच घेतलं नाहीस. स्वस्तातलं काम असंच फसतं. पळवणाऱ्या वस्तू आधी येतात, थांबवणाऱ्या दीपावलीनंतर.

आणि मी? मी पिस्टन विचारले, जुळवणी विचारली, जाळी विचारली. त्याच घरात वाढले, दर आयुधपूजेला अण्णांच्या सायकलला मीच माळ ओवायची, आणि जाळी तोंडाशी लाव म्हणून लिहिताना मला एकदाही आठवलं नाही की आपल्याकडे गाडीच्या तोंडालाच माळ घालतात. पुण्याच्या प्रयोगशाळेत इंजिनाला कोणी माळ घालत नाही रे.

अण्णा, परीक्षा तुम्ही चुकीची घेतलीत. चांगलं चाललेलं अधिक चांगलं करणारे पुष्कळ मिळतात. मला विचाराल तर यानं स्वतःच्या हातानं फोडलेलं इंजिन पूर्वीसारखं उभं करावं, तेही त्याच शेडमध्ये. तेवढ्यानं कळेल. किल्ली द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पण एकमेकांना तोंडानं सांगा, बाबांनो, मला आता चष्मा लागतो.

तुमच्या दोघांच्या प्रेमाचा भार एकटीवर टाकू नये, ही विनंती.
तुमची,
महालक्ष्मी

---

कुंभकोणम्, १७ जानेवारी २०२५

चि. सौ. महालक्ष्मीस अनेक आशीर्वाद.

पोंगल बरा झाला. नव्या भाताचे थोडे तांदूळ पाठवितों. तुझें तें पत्र मीनाक्षीनें मोठ्यानें वाचलें, तेव्हां आम्ही दोघे जमिनीकडे पाहत होतों. वाचून झाल्यावर तिनें कॉफी दोघांपुढें ठेविली. मग गिरि हसूं लागला, मग मी. किल्ली मीं त्याच क्षणीं दिली, इंजिनाची वाट पाहिली नाहीं. तुझें ऐकलें नाहीं, याची क्षमा असावी.

चेन्नईस त्यानें राजीनामा कळविला. गाडी इन्नंबूरच्या शेडींत नेऊन त्यानें नवा पिस्टन घातला आणि टर्बो काढून ठेविला. तो म्हणतो, पुढें कधीं बसवीन, पण काटा आधीं. गाडी पूर्वीसारखीच चालते, बसेस पुढें जातात. मज त्यांचा आतां थोडा राग येतो, हें कोणास सांगूं नको.

पोंगलास मीं माळ आणिली नाहीं. भय वाटलें. गंध लावावें म्हणून कुंकवाची वाटी घेऊन शेडींत गेलों, तों गाडीस कांहीं नवें दिसलें. वर टपाच्या कडेस, हवेच्या वाटेपासून दूर, दोन लोखंडी आंकडे जोडून रंगविले होते. हें काय म्हणून विचारलें, तर म्हणाला कीं शेडींत स्वतः घडविलेली पहिली वस्तु आहे, अप्पा, तुमच्या माळेसाठीं. असें म्हणून तो दुसऱ्या गाडीखालीं शिरला, मज डोळे पुसावयास मोकळें ठेविलें.

मग मीं बाजारांत जाऊन माळ आणिली. सर्वांत मोठी.

तुझा अण्णा,
सुंदरराव