तेरा इंच

ता. २, सोमवार

धाकटे, आधी सगळ्यांची खुशाली सांग, मग माझं ऐक. तुझे गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना अजून आडवी उतरतेस का? दाजींचा खोकला थांबला, की पहाटेचा गजर अजून तोच? तुझ्या सासूबाईंना त्या कानातल्या यंत्रातून सगळं ऐकू येतं, की पूर्वीसारखं सोयीचं तेवढंच? सुनेच्या बाळाला दात आले का? आणि ते लबाड मांजर अजून माझ्या उशीवरच निजतं ना?

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. इथे पत्रं कचेरीत उघडी द्यायची आणि ती महिनाअखेर जातात, असा नियम आहे. तेवढा धीर मला कुठला! म्हणून ही वही सुरू केली. जमेल तसं लिहीत जाईन. सत्तावीस तारखेला शाळेचा कापडवाला टेम्पो घेऊन येतो, तो तुमच्या गावावरूनच जातो. त्याच्या हाती देईन. दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, चालवून घे.

या वयात नोकरी लागली म्हणून हसू नकोस. पगारापेक्षा खारूला इथे राहायला-शिकायला मिळालं, हे मोठं. तिची आई परदेशात रुग्णांची सेवा करतेय, ती परत येईपर्यंत दोन वर्षं पोर माझ्या पदरात. निघताना लेकीला मी शब्द दिलाय, की पोर जशी दिलीस तशीच परत देईन. टेम्पोतून उतरल्या उतरल्या खारू म्हणाली, ए आबा, इथे जिन्याचा कठडा बघ कसला गुळगुळीत आहे, आणि घसरलीसुद्धा. नाकातून घुर्र आवाज काढत हसत होती. दहा वर्षांची झाली, पण अंगात खारच आहे.

माझं शिवणघर तळमजल्यावर आहे. लांबलचक खिडकी, दोन यंत्रं, एक जड इस्त्री, कापायचं मेज इतकं मोठं की त्यावर तुझ्या घरातली सगळी जेवायला बसतील. कोपऱ्यात कोट चढवून बघायला लाकडी पुतळा आहे. असल्या पुतळ्याचा मला उपयोग नाही, माणसं काय एका साच्यातून काढलेली असतात? दारामागच्या खुंटीवर कुणा पोराचा जुना कोट लटकलाय. खिशात वाचायचा चष्मा आणि सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान निघालं. बोटात घालून पाहिलं, मला नीट बसलं.

ता. ५, गुरुवार

मुख्याध्यापिकेला इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. चणीने छोट्याच आहेत. आवाज चढवत नाहीत. काल शिवणघरात येऊन माझी चौकशी केली, चहा पाठवला. मग एका कोटाची शिवण उलटून पाहिली. तुला माहीत आहे, वाढत्या पोराच्या कपड्यात मी आतून दोन बोटं जास्तीचं कापड सोडतो, पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येतो. बाईंनी ते कापड बोटाने चाचपलं आणि हसून म्हणाल्या की, हे कापून टाका, इथे लागत नाही. मी म्हटलं, बाई, पोरं वाढतात. त्या म्हणाल्या, ठरवून दिलं तेवढीच वाढतात. मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो. त्या नाही हसल्या.

इथे रोज चार वाजता पोरं बाईंच्या खोलीबाहेर रांगेत उभी राहतात. प्रत्येकाने आत जाऊन दिवसभरात पाहिलेली किंवा ऐकलेली एक गोष्ट सांगायची. कुणी काय टाकलं, कुणी काय म्हटलं. नावच आहे, सांगण्याची रांग. खारूला विचारलं तू काय सांगितलंस, तर म्हणाली, मी सांगितलं की आबा घोरतो. दोघं पोट धरून हसलो.

स्वयंपाकीण मोठी बडबडी. अंगाने चांगली पसरलेली आहे, तिला ॲप्रन शिवून हवा होता. म्हणाली, शिंपीदादा, टेप पुरेल का, की गाठ मारून दुसरी जोडताय? मी म्हटलं, वहिनी, तुमच्यासाठी दोरखंड आणतो. पळी घेऊन धावली मागे! जीव रमेल असं वाटतंय.

ता. ७, शनिवार

शनिवार हा मापांचा दिवस. मापवही बाई स्वतः घेऊन आल्या. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याची. मी मापं घ्यायची आणि त्या वहीत पाहून मान डोलावणार. मला गंमत वाटली, कारण आकडे आधीच लिहिलेले होते. आजचे, पुढच्या शनिवारचे, वर्षअखेरपर्यंतचे. आणि मी घेतलेलं एकेक माप सुताला सूत जुळत होतं! अशी नजर चाळीस वर्षं टेप गळ्यात घालून मलाही आली नाही.

एक मात्र खटकलं. धाकटे, मी हजारो माणसं मापली असतील. दोन्ही खांदे सारखे असलेला एक भेटला नाही. कुणाचा दप्तराने खाली येतो, कुणाचा नांगराने, कुणाचा नुसत्या काळजीने. माझा उजवा इस्त्री दाबून दाबून अर्धा इंच उतरलाय. इथल्या जुन्या पोरांचे खांदे मात्र पाण्याच्या पातळीसारखे सरळ. मी म्हटलं, कवायत चांगली करून घेतात.

खारूचा डावा खांदा पाव इंच खाली, रुंदी बारा इंच. टेप लावली की गुदगुल्या होऊन ती आक्रसते, म्हणून तीनदा मापावं लागलं. बाई शांतपणे थांबल्या होत्या.

ता. १४, शनिवार

थोरल्या वर्गातल्या एका मुलीचा खांदा गेल्या शनिवारी पंधरा इंच होता. आज साडेचौदा.

माझी टेप आखडली असेल म्हणून लोखंडी पट्टीवर लावून पाहिली. टेप बरोबर आहे. मुलगी कमी झाली आहे. वहीतही साडेचौदाच लिहिलंय. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, पुढचा घ्या.

खारू साडेबारा. लहान पोरं वाढतातच, त्यात काय. पण आज टेप लावली तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या नाहीत. एकदाच मापावं लागलं.

ता. १६, सोमवार

स्वयंपाकिणीचा ॲप्रन दहा-अकरा दिवसांत दोनदा आत घ्यावा लागला. विचारलं, वहिनी, तब्येत बरी नाही का? म्हणाली, बरी आहे. मी पुन्हा दोरखंडाची थट्टा केली. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली की स्वयंपाकघरात थट्टा करू नये असं ठरलं आहे. कुणाचं ठरलं? तर म्हणे, सगळ्यांचं.

मी येण्याआधी नऊ वर्षं ती तश्शीच गुबगुबीत होती म्हणे. मग आताच काय झालं? सांगण्याच्या रांगेत कुणीतरी तिचं हसणं सांगितलं असेल. माझ्याच शिवणघरातलं.

ता. २१, शनिवार

आज इथल्या एका जुन्या पोरीचा कोट हातात होता आणि सहज पुतळ्याला चढवला. बसला. मग दुसरा चढवला. तोही बसला. इस्त्रीला आलेले जुन्या पोरांचे एकतीस कोट मी एकामागोमाग एक चढवले. पोरं आठ वर्षांची, पंधरा वर्षांची, लांब्या वेगळ्या, पण खांदे सगळ्यांचे त्या लाकडावर चपखल. पुतळ्याला टेप लावली. तेरा इंच.

मापवहीची शेवटची पानं बाई आत गेल्या तेवढ्यात उघडून पाहिली. प्रत्येक पोरापुढे शेवटचा आकडा तेरा. मोठी असतील ती उतरत उतरत, लहान असतील ती चढत चढत. खारूपुढेही तेरा. डावा आणि उजवा सारखा.

आज ती पावणेतेरा भरली.

रविवारी तिला निवांत भेटायची परवानगी असते. उद्या विचारतो तिला.

ता. २२, रविवार

ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, हात मांडीवर. मी कठड्यावरून घसरण्याचा विषय काढला. म्हणाली, कठडा हाताने धरण्यासाठी असतो. मी आपला नाकातून घुर्र आवाज काढला, तिच्यासारखा. पूर्वी यावर ती लोळायची. आज तिने मला रुमाल दिला.

आणि निघताना म्हणाली, आपण जेवलात का?

आपण. धाकटे, जन्मापासून मला अरे-तुरे करणारी पोर. तू तिला रागवायचीस ना त्यावरून? आता कुणीतरी मला अरे म्हणा गं.

ता. २४, मंगळवार

दारामागचा तो जुना कोट आज खाली काढला. मी पोराचा समजलो होतो. अस्तर उलटून पाहिलं, टाके शिंप्याचे आहेत, स्वतःसाठी घातलेले. बाह्या पुऱ्या पुरुषाच्या लांबीच्या. खांदे तेरा.

चष्मा म्हाताऱ्याचा आहे. अंगुस्तान मोठ्या माणसाचं आहे. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. चाळीस वर्षं काय गवत उपटलं मी?

तुझ्यासाठीच्या या वहीची पानं मागे चाळली. माझ्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त केलेल्या आहेत. पहिल्या पानापासून. सुबक अक्षर आहे.

यापुढे मनातलं सगळं इथे लिहिणार नाही.

ता. २६, गुरुवार

उद्या कापडवाला. एवढंच.

खारूशी बोललो, कानात. बाकी काही लिहीत नाही. माझा डावा खांदा दुखतोय, इस्त्री तर उजव्या हाताने करतो.

चार वाजलेत. पोरं रांगेत उभी राहताहेत. खारू पुढून तिसरी. तिच्याकडे आज सांगायला एकच गोष्ट आहे, आणि ती मीच तिच्या कानात —

नाही. ती नाही सांगायची. माझी खारू आहे ती.

ता. २७, शुक्रवार

वाचू दे ज्याला वाचायचं त्याला.

दुपारी फाटक सताड उघडं होतं. पहारेकरी स्टुलावर बसलेला. कुणी अडवलं नाही, हे आधी नीट लिहितो, कुणीही अडवलं नाही. टेम्पो सुरू होता. कापडवाला ओरडत होता, अहो आजोबा, उरका की, तुमच्यासाठी दिवस थांबत नाही. मी खारूचा हात धरून चालत होतो. फाटकाच्या रेघेपाशी ती थांबली.

ओढली. हलेना. एवढीशी पोर, शिवणयंत्र ओढल्यासारखी. मी म्हटलं, तुझ्या आईला शब्द दिलाय गं, चल. ती वर बघून अगदी गोड आवाजात म्हणाली की, शिंपीकाका, आपण परत चला, उद्या शनिवार आहे, आपलं माप राहिलं आहे.

शिंपीकाका.

मागे पाहिलं. सगळ्या खिडक्यांत पोरं. सगळे खांदे एका रेषेत, कुणी दोरी धरून आखल्यासारखे. मधल्या खिडकीत मोठ्या बाई. रागावलेल्या नव्हत्या.

कापडवाला थोडा थांबला, मग गेला. मी एकटा चढू शकलो असतो. वही तरी फेकू शकलो असतो त्याच्याकडे. पण दोन्ही हातांनी पोरीला धरलं होतं — एक हात सोडला असता तर — नाही सोडला.

ता. २८, शनिवार, सकाळी

मापवहीत माझं पान आहे. वर लिहिलंय, शिंपी. आजचा आकडा साडेसतरा. येताना मी अठरा होतो. खाली उतरत उतरत —

आरशापुढे उभा राहिलो. उजवा खांदा वर आलाय. चाळीस वर्षांची इस्त्री गेली कुठे? दुखत नाही. तेच वाईट, काहीच दुखत नाही.

बाई येताहेत. टेप त्यांच्या हातात. मागे खारू, मापवही धरून —

लेकीला सांग, मी हात सोडला नव्ह —

ता. २८, शनिवार, दुपारी

प्रिय भगिनी,

येथे सर्व क्षेम आहे. हवा उत्तम आहे. मुलगी अभ्यासात प्रगती करीत आहे. ही वही आता टपालाने पाठवीत आहे, पाकीट मोठ्या बाई स्वतः बंद करणार आहेत. सुट्टीत मुलीच्या आईने यावे, असे त्या म्हणतात. सर्वांनीच यावे. जागा पुष्कळ आहे.

आपले गुडघे आता दुखणार नाहीत. मेहुण्यांचा खोकला थांबेल. सासूबाईंना सर्व ऐकू येईल. बाळ लहान आहे, पण चढत चढत तेही बसेल. त्यासाठी प्रत्येकाचे माप हवे आहे. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, पाठीवरून टेप सरळ धरून. एकेकाचे वेगळे लिहावे.

पत्राचे उत्तर लवकर पाठवावे. वाट पाहत आहोत. आकडे वहीत आधीच आहेत, फक्त जुळवून पाहायचे आहेत. आपले पान मी पाहिले. धाकटे, नको पाठवूस, ना —