एअरबॅगचा दिवा घालवणे : मुदत रविवार

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
बायकोचा फोन. रविवारी अकराच्या बसने येतेय. अकरा महिने बहिणीकडे हवापालटाला गेली आहे. हवा फारच मानवलेली दिसते. शिलाई मशीन आणि गरम कपडे न्यायचेत म्हणाली. हे निमित्त. मशीनसाठी कोणी तीन तासांचा प्रवास करतं का?

शेवटी तिने विचारलं, गाडीतला तो एअरबॅगचा दिवा गेला का, नसेल तर स्टॅंडवरून टॅक्सी करते. मी म्हणालो, कधीच गेला!

गेलेला नाही. दोन वर्षं लाल तोंड करून बसलाय. पण रविवारपर्यंत घालवला तर आजचं बोलणं खोटं ठरत नाही. संकल्प : सहा दिवस, एक दिवा. मेकॅनिककडे जायचं नाही. आपला हात जगन्नाथ.

४ मार्च, मंगळवार
गाडीचं मॅन्युअल प्रथमच उघडलं. पान १४२ : दिवा लागलेला राहिल्यास वर्कशॉपशी संपर्क साधा. याला काय पुस्तक म्हणायचं?

व्हिडिओ पाहिले. एका गृहस्थाने बॅटरीची तार अर्धा तास काढून ठेवायला सांगितली. ठेवली. दिवा आहे तिथेच. घड्याळ मात्र बारावर गेलं आणि रेडिओची सगळी स्टेशनं पुसली गेली. तिने लावून ठेवलेलं जुन्या गाण्यांचंही. ते मी ऐकत नव्हतोच. शोधण्यात दीड तास गेला. सापडलं नाही.

५ मार्च, बुधवार
स्कॅनर आणला. स्टिअरिंगखाली खुपसायचा, की गाडी आपलं दुखणं सांगते. बिघाड : शेजारच्या सीटचं सर्किट. मी डिलीट दाबलं. दिवा गेला!

शेजारच्या हेडमास्तरांना बोलावून दाखवलं. रिटायर झाले तरी कौतुकाला कंजूषच. दिवा गेला की बिघाड गेला, असं विचारायला लागले. उंटावरचा शहाणा! म्हटलं बसा, फेरी मारून दाखवतो. गेटबाहेरच्या स्पीडब्रेकरवर दिवा परत हजर. हेडमास्तर काही बोलले नाहीत. न बोलण्यातही उद्धटपणा असतो माणसाच्या.

६ मार्च, गुरुवार
मेकॅनिककडे गेलो. संकल्प मोडला नाही, नुसतं विचारायला गेलो. म्हणाला, सीटखाली पिवळा प्लग असतो, तो ढिला झाला असणार. दहा मिनिटांचं काम, पण आज गाड्यांची रांग आहे, सोमवारी आणा. आणि साहेब, स्वतः हात घालू नका, तोंडावर फुटेल.

मग म्हणाला, वहिनी बरेच दिवस दिसल्या नाहीत. मी हवापालटाचं सांगितलं. त्याने फडक्याला हात पुसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. इतक्या वर्षांत याने मला कधी चहा विचारलेला नाही. का मागवला कोण जाणे. प्यालो.

७ मार्च, शुक्रवार
सोमवारी दुरुस्त करायची म्हणजे वरातीमागून घोडं. बॅटरी काढली, सीटखाली हात घातला, हातामागून डोकं. प्लग दिसला. डोकं निघेना. चाळीस मिनिटं. शेवटी हेडमास्तरांनी सीट मागे सरकवून मला सोडवलं. सीट सरकते हे मला माहीत होतं. सुचलं नाही इतकंच.

सीटखाली सापडलं : एक हेअरपिन, खोकल्याची एक गोळी, तिच्या अक्षरातली यादी. साबण, बल्ब, पडद्याचं कापड. सगळ्यात खाली : दिव्याचं पुन्हा सांगणे. 'पुन्हा'खाली दोन रेघा. अतिशयोक्ती! दोनदाच सांगितलं होतं तिने. फार तर सात-आठदा. यादी पाकिटात ठेवली. कागद रस्त्यावर टाकणं बरं नव्हे.

प्लग जोरात दाबला. दिवा आता लुकलुकतो. म्हणजे शेवटच्या घटका मोजतोय.

८ मार्च, शनिवार
काळी टेप. कायमची नव्हे, सोमवारपर्यंतच. नखाएवढा तुकडा, बरोबर दिव्यावर. चष्मा काढून पाहिलं तर दिसतसुद्धा नाही.

घर झाडलं. तिच्या उशीला नवा अभ्रा घातला. कपाटात तिच्यासाठी जागा करायला गेलो, तर तिचा कप्पा होता तसाच आहे. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं. दोनदा म्हणून पाहिलं, चांगलं वाटतं.

९ मार्च, रविवार. दुपारी ३
बस वेळेवर आली. ती बारीक झालीय. छान दिसते. गाडी सुरू करू आणि मग बोलू, असं ठरवलं. पुढे बसली, बेल्ट लावला. मी किल्ली फिरवली. समोरचे दिवे लागले आणि गेले. ती म्हणाली, एक लागलाच नाही. एअरबॅगचाही सुरुवातीला क्षणभर लागायला हवा, मॅन्युअलमध्ये लिहिलंय.

बाईने मॅन्युअल वाचलेलं! कधी? वाकून तिने नखाने टेप काढली. खाली दिवा लुकलुकत होता.

ओरडली असती तर परवडलं असतं, उत्तरं तयार होती. ती हळूच म्हणाली, अहो, मला दिव्याची भीती नव्हती. सांगून सांगून कंटाळले होते. टेप माझ्या तळहातावर ठेवली, उतरली आणि टॅक्सी केली. मी मागून आपल्याच घरी गेलो.

वीस मिनिटं होती. मशीन टॅक्सीवाल्याने उचललं, मी दार धरून उभा. गरम कपडे काढायला ती आतल्या खोलीत गेली. अभ्र्याबद्दल काही बोलली नाही. परत कधी येशील विचारलं. म्हणाली, आता इथे काही राहिलं नाही. कपड्यांबद्दल म्हणाली असणार.

१० मार्च, सोमवार
मेकॅनिकने खरंच दहा मिनिटांत केलं. लाल दिवा गेला. तिला फोन करून कळवायचं म्हणून गाडी बाजूला घेतली, तर वर आरशापाशी दुसराच दिवा, पिवळा! तडक मागे फिरलो आणि मेकॅनिकला झापलं. एक घालवायला सांगितला तर दुसरा लावून ठेवलास?

तो म्हणाला, साहेब, हा बिघाड नाही. शेजारची सीट रिकामी आहे, म्हणून तिकडची एअरबॅग बंद ठेवलीय, एवढंच तो सांगतो. प्लग ढिला होता तोवर गाडीला ते कळत नव्हतं. विचारलं, मग हा कधी जाणार? म्हणाला, कोणी बसलं की.

हे काय उत्तर झालं? फोन केला नाही.

बाजारातून बटाट्याचं पोतं घेतलं, चाळीस किलो. बटाटे टिकतात. पुढच्या सीटवर ठेवून पाहिलं. पिवळा दिवा गेला! लगेच बेल्टसाठी बीप बीप सुरू. पोत्याला बेल्ट लावला. बीप थांबला. गाडीत आता एकही दिवा नाही, कसलाही आवाज नाही. दुरुस्ती यशस्वी.

घरी येताना, काल बोलायचं राहिलं होतं ते सगळं बोललो. चुकलं माझं, घर खायला उठतं, आता ऐकत जाईन, चल घरी. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई बघायला लागली, तेव्हा काच वर केली आणि उरलेलं बोललो.