रबराच्या पट्टीवरचा ठसा

प्रिय सूनबाई,

गेले पंधरा दिवस मी तुझे फोन टाळतोय. बाबांचा घसा बसलाय, असं तुझी सासू सांगते ते खरं नाही. तिला तसं बोलायला मीच लावलं. का, ते शेवटी सांगतो. आधी तुझं थोडं कौतुक करू दे. समोर असलीस की तू लगेच विषय बदलतेस.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी मित्रांना सांगायचो, घरात डॉक्टर आली, पण हिरड्यांची! हृदयाची असती तर गल्लीत आमचा भाव वधारला असता. आणि गंमत म्हणजे, तेव्हाच माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं. रक्त येईल त्या बाजूला मी ब्रशच लावत नसे. जखम आहे, कशाला डिवचा, हे माझं शहाणपण! डॉक्टरला दाखवा म्हणून तुझी सासू दाताच्या कण्या करून थकली. पण वरचा पुढचा दात हलायला लागला होता, आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माझ्यासारख्याचा सगळा भार तिथेच. काढा म्हणाले तर वाजवणं संपलं, या भीतीने मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतो. हसतानासुद्धा हात तोंडावर.

तू मात्र तोंडात न बघताच ओळखलंस, याचं मला अजून नवल वाटतं. क्लॅरिनेटच्या टोकावर वरचे दात टेकतात तिथे आम्ही रबराची पट्टी चिकटवतो. एक जुनी पट्टी मी खिडकीत टाकली होती. तू ती उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "बाबा, एका दाताचा ठसा खोल आहे, दुसऱ्याचा जेमतेम. दात दुखतोय ना तुमचा?" बँडमधल्या एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं, आणि तुला तर सा कुठला नि रे कुठला तेही कळत नाही!

मग मला खुर्चीत बसवलंस. हिरडी बधिर करून मुळांवरचा दगडासारखा थर खरवडलास, हलणारा दात शेजारच्यांना बारीक तारेने बांधलास, रक्तातली साखर तपासायला लावलीस, सिगारेट सोडवलीस. रक्त येतं तिथेच मऊ ब्रश हळूच फिरवायचा, कारण ते साचलेल्या घाणीमुळे येतं, हे आरशासमोर उभं करून शिकवलंस. फटींतून फिरवायचा तो इवलासा ब्रशही हातात दिलास. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं मात्र भरलं! आणि तू खोटा धीर दिला नाहीस, हे मला सगळ्यात आवडलं. झिजलेलं हाड परत येणार नाही, हा दात कदाचित जाईल, बाकीचे आपण राखू, असं स्पष्ट सांगितलंस. गेल्या महिन्यात ट्रेनिंगला परगावी निघालीस तेव्हाही बॅग दारात ठेवून आधी माझ्या हिरड्या बघितल्यास. पोटच्या लेकाला हे सुचलं नसतं, त्याला सांगू नकोस.

तर आता कारण. तो दात गेला, सूनबाई. एकदम सूज आली आणि तुझ्या दवाखान्यातल्या जोडीदारणीने तो काढला. फोनवर माझ्या शब्दांतून हवा सुटलेली ऐकून तू ओळखलं असतंस आणि आपण हरलो म्हणून तिथे एकटी रडत बसली असतीस. मला अर्धी बातमी द्यायची नव्हती, आधी वाजवून बघायचं होतं. आता तिथे तात्पुरता दात बसवलाय. काल तिची परवानगी घेऊन तालमीला गेलो, नवी पट्टी लावली आणि घाबरत घाबरत वरचा सूर धरला. तू राखलेल्या दातांनी भार पेलला गं! सूर लागला. ट्रम्पेटवाल्याने पाठीवर थाप मारली तसा मी खदखदून हसलो, आणि हात तोंडावर न्यायचा विसरलो. कालची पट्टी या पत्रासोबत पाकिटात घातली आहे. उजेडात धरून बघ.

तुझाच, आजपासून फोन उचलणारा,
बाबा