पाय मोकळे मंडळातलं डावं-उजवं

तीर्थरूप मामांस,

टाचा जुळवून, छाती पुढे, नजर समोर ठेवून तुमच्या भाच्याचा नमस्कार. (खरं तर मांडी घालून, पालथ्या बादलीवर कागद ठेवून लिहितोय, पण नमस्कारापुरता उभा राहिलो होतो.)

पत्राला उशीर झाला हे मान्य. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो, पण पेन सापडेना. पेन सापडलं तोवर कुणीतरी कागदाच्या दोन्ही बाजूंनी नाचाच्या पावलांचे बाण काढून ठेवले होते. नवा कागद आणायला खाली उतरलो, तर एक माणूस लांबलचक शिडी खांद्यावर घेऊन गल्लीत वळत होता, आणि ती शिडी वळताना मागच्या टोकाला काय काय होतं ते बघण्यात संध्याकाळ गेली. असं करत करत आजचा दिवस उजाडला. फोन का केला नाहीस म्हणाल, तर मागच्या खेपेला तुम्ही फोन उलटा धरून "मोठ्याने बोल, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे" म्हणत होता, आणि मी इतक्या मोठ्याने बोललो की खालच्या लाँड्रीतला माणूस इस्त्री तशीच हातात घेऊन वर आला. पत्र बरं. ते हवं तेवढं मोठ्याने वाचता येतं.

तुमची कंबर कशी आहे? सकाळची कवायत चालू असेलच. शाळेतून निवृत्त झाल्यावरही परसात उभं राहून, समोर कोणी नसताना, शिट्टी फुंकून "डावा-उजवा-डावा" मोजणारा कवायत मास्तर जगात दुसरा नसेल. कॅनव्हासचे बूट अजून खडू लावून पांढरे करता का? आणि मामीच्या गुडघ्यांना आराम पडला का? ती हल्ली स्वयंपाकघराचं दार लावून गुडघ्यांचे व्यायाम करते आणि आता बहिणीकडे विश्रांतीला जाणार आहे असं तुम्ही लिहिलंत. तिला म्हणावं, या वयात गुडघ्यांशी खेळू नको.

आता माझं. टायरचं दुकान सोडलं हे तुम्हाला कळलं असेल. छापखाना सोडला हे कळलं नसेल, तोही सोडला. मधे एका जत्रेतल्या पाळणेवाल्याबरोबर होतो, पण तो पाळणा कितीही फिरला तरी त्याच जागी परत येतो, हे माझ्या स्वभावाला मानवेना. मग काचेच्या दुकानात लागलो, आणि एक दिवस भिंतभर मोठा आरसा पोचवायला या नाचाच्या वर्गात आलो. लाँड्रीच्या वरचा हॉल, अरुंद लाकडी जिना, खालून कपड्यांची गरम वाफ. आरशाचं खालचं टोक दुकानातल्या जुन्या माणसाने धरलेलं, वरचं मी, उलट्या पावलांनी चढत. सबंध जिनाभर मला माझंच तोंड दिसत होतं, आणि ते इतकं घाबरलेलं होतं की मला त्याची दया आली. वर मास्तरीणबाई उभ्या होत्या. (वर्ग त्यांचा. अंगाने भरभक्कम, पण चालल्या तर पायाखालच्या फळीला कळत नाही.) त्या म्हणाल्या, थोडं डावीकडे घे. मी घेतलं. त्या म्हणाल्या, डावीकडे. मी आणखी घेतलं. तेव्हा त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाळा, हा नव्हे. दुसरा डावा."

मामा, लहानपणी तुम्ही माझ्या उजव्या मनगटाला दोरा बांधायचात, आणि मी अंघोळीच्या वेळी तो काढून नंतर डाव्याला बांधायचो, ते सगळं आठवून मला भरून आलं. आरसा लागला. जुना माणूस खाली गेला. मी गेलोच नाही. वर्ग सुरू झाला होता, आणि पाय सतत हलते ठेवूनही माणूस एकाच खोलीत राहू शकतो हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मला काम मिळालं ते मास्तरीणबाईंचे धडे मोबाईलवर टिपून इंटरनेटवर टाकायचं. तुम्हाला इंटरनेट कसं समजावू? असं समजा, की मैदान आहे, पण मुलं आपापल्या घरीच उभी आहेत. आमचे धडे बघून शिकणाऱ्यांचा तिथे एक गट आहे, 'पाय मोकळे मंडळ' (नाव मी सुचवलं). प्रत्येक जण आपण नाचल्याचा व्हिडिओ गटात टाकतो आणि बाकीचे "वा" म्हणतात. इथे सगळे सगळ्यांना वा म्हणतात. फक्त एक गृहस्थ "खांदे सैल सोडा" एवढंच लिहितात. एका बाईंनी प्लास्टरमधल्या हाताचा फोटो दवाखान्यातून टाकला, तिथेही त्यांनी तेच लिहिलं. (बाईंनी उत्तर दिलं, "डॉक्टर सोडू देत नाहीत.") एक दातांचे डॉक्टर आहेत, ते पेशंटचा जबडा बधिर होईपर्यंत खुर्चीमागे नाचून घेतात. बँकेतल्या एक कॅशिअरबाई आहेत, त्या जेवणाच्या सुटीत स्टेशनरीच्या खोलीत आतून कडी लावून नाचतात. आणि सगळ्यांत तरबेज म्हणाल तर बिनडोक्याच्या बाई. गैरसमज नको, बाई हुशार आहेत. पण मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवत असल्यामुळे व्हिडिओत त्यांचं कमरेच्या वरचं काही येत नाही. नुसते पाय. पण काय पाय आहेत, मामा! मागे शेगडीचा एक कोपरा, आणि लांबून कुठूनतरी कुणीतरी मोजत असल्याचा आवाज. जवळ शाळा असावी. त्या मोजण्यावर त्यांचं पाऊल असं पडतं की गाणं बंद केलं तरी चालेल. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा लावतो. दरवेळी मला उगीचच घरची आठवण येते आणि पाठ ताठ होते. हे का होतं ते मास्तरीणबाईंनाही सांगता आलं नाही.

तर या सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटावं आणि येत्या रविवारी बागेतल्या चौथऱ्यावर एकत्र नाचावं, ही कल्पना कुणाची? माझीच. सगळ्यांनी इतकं "वा वा" केलं की मी वाहवत गेलो. पहिल्या तालमीला बिनडोक्याच्या बाई सोडून सगळी मंडळी कुठून कुठून आली आणि खाली मान घालून एकमेकांचे पाय बघून ओळख पटवू लागली. गाणं लागलं. पहिल्याच पावलाला दातांचे डॉक्टर डावीकडे निघाले, त्यांच्या डावीकडच्या कॅशिअरबाई उजवीकडे निघाल्या, आणि दोघं मधे भेटले. डॉक्टरांचा चष्मा बाईंच्या केसांत, बाईंची वेणी डॉक्टरांच्या तोंडात. (त्यांच्या तोंडात दुसऱ्याचं काही जाण्याची ही पहिलीच वेळ असावी.) पुढे जे झालं त्याला नाच म्हणत नाहीत. भिंतीजवळचे एक गृहस्थ खाली बसता बसता "खांदे सैल सोडा" म्हणाले, त्यावरून तेवढे ओळखता आले.

भानगड अशी होती. पहिले धडे मी मास्तरीणबाईंच्या जुन्या मोबाईलवर टिपले होते. तो बादलीत पडला. (कसा ते सांगायला वेगळं पत्र लागेल. बादली हीच, जिच्यावर लिहितोय.) नवा आला, त्यावर तेच धडे पुन्हा टिपून जुन्यांच्या जागी टाकले. आता जुना मोबाईल आरशासारखं उलटं चित्र काढायचा आणि नवा सरळ काढतो, हा फरक कुणाच्या लक्षात यायला हवा होता? माझ्या! जगात एवढी माणसं असताना! म्हणजे आधी आलेले सगळे डाव्या पायाने सुरू करतात आणि नंतर आलेले उजव्या. इतके दिवस कुणाला पत्ताच नव्हता, कारण घरात एकट्याने नाचताना कुणाचंच डावं-उजवं चुकत नाही.

त्या दिवसापासून मंडळात दोन तट पडले. आधीचे म्हणतात आम्ही मूळचे, नंतरचे म्हणतात आम्ही सरळ. गटावर "वा" बंद झालं. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय डावीकडे असतं. कॅशिअरबाईंनी लिहिलं, दात दोन्हीकडे असतात आणि तुम्ही ते पाडता. कुणी बदलायला तयार नाही, कारण पायांना ते पाठ झालंय, आणि पाय काही समजूत घातली तर ऐकत नाहीत. शेवटी बिनडोक्याच्या बाईंनी तोच नाच आधी डावीकडून, मग उजवीकडून करून टाकला आणि खाली लिहिलं, "पहिल्यांदा एक शिकले. नंतर बघितलं तर उलटं दिसलं, म्हणून तेही शिकले. त्यात भांडायचं काय?" मग त्यांनी कुठल्या बाजूने जास्त चांगलं केलं यावर भांडण सुरू.

मास्तरीणबाईंनी मला आरशापुढे उभं केलं. म्हणाल्या, रविवारी मंडळ जुळलं तर तू माझा सहायक, मागची खोली तुझी. नाही जुळलं तर हा आरसा उतरवून दुकानात परत ने, आणि तूही त्याच्याबरोबर जा. मामा, मी इतक्या ठिकाणाहून पाय काढता घेतला, पण कुठून जावं लागेल म्हणून कधी घाबरलो नव्हतो. इथे घाबरलो. मला इथे राहायचंय. (हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आलं.)

उपाय सगळे करून झाले. मनगटांना रिबिनी बांधल्या, तर आरशात सगळ्यांना त्या दुसऱ्याच हाताला दिसल्या. जमिनीच्या फळ्यांवर खडूने बाण काढले, तर बाण पुसले आणि तळवे पांढरे झाले. मी समोर उभा राहून हात वर केला, तेव्हा हा माझा उजवा, त्यांचा डावा, की आरशातल्या तिसऱ्याच माणसाचा, यावर तालीम मोडली. शेवटी तुमच्यासारखं पोटातून ओरडून पाहिलं, "सावधान!" लाँड्रीतून विचारणा झाली, काय सांडलं?

आज दुपारी पुन्हा तालीम आहे. मंडळी जमताहेत, डावे खिडकीपाशी, उजवे पंख्याखाली, मधे कुणी नाही. बाकी सर्व क्षेम. कंबर सांभाळा, मामीला नमस्कार.

तुमचा,
सध्या जागच्या जागी चालणारा
भाचा

ता. क. – पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं तेच राहिलं. मला तुमची शिट्टी हवी आहे. ती पितळी, दाराजवळच्या खुंटीवरची. त्या शिट्टीवर शेजारचं कुत्रंसुद्धा रांगेत उभं राहिलेलं मी पाहिलंय. रविवारच्या आत कुणाहाती तरी पाठवा. स्वतः आणलीत तर फारच उत्तम, पण तुम्ही नाचाला 'अंगविक्षेप' म्हणता, तेव्हा आग्रह करत नाही.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवणार एवढ्यात थांबलो. इथल्या दाराचा पडदा आखूड आहे, गुडघ्यापर्यंतच येतो. त्याखाली दोन पाय येऊन उभे राहिले आणि अख्खं मंडळ भांडण विसरून ओरडलं, "बिनडोक्याच्या बाई!" पडदा सरला. बाकीच्यांनी तो चेहरा पहिल्यांदाच पाहिला. मी लहानपणापासून पाहतोय. मामा, खुर्चीवर बसूनच वाचताय ना? आपली मामी. मला बघून म्हणाली, "अगं बाई, तू इथे? जेवलास का?" आणि पिशवीतून तुमची शिट्टी काढली. (तेव्हा वरची विनंती रद्द. खुंटीवर शोधत बसू नका. गुडघे ठणठणीत आहेत.)

तिने दोन्ही तटांकडे जरा वेळ पाहिलं. सगळ्यांची तोंडं आरशाकडे. डावे पुढच्या रांगेत घेतले, उजवे मागच्या. शिट्टी फुंकली, आणि थेट तुमच्या आवाजात हुकूम सोडला: "पुढची रांग, माऽऽगे फिर!" डॉक्टरांची रांग गर्रकन फिरली आणि कॅशिअरबाईंच्या रांगेसमोर आली. गाणं लागलं. यांचा डावा निघाला, त्यांचा उजवा निघाला, आणि दोन्ही खिडकीकडेच गेले! मधे आरसा धरावा तसे! कुणी कुणाला धडकलं नाही. डॉक्टर कॅशिअरबाईंकडे बघून हसले. (दात चांगले आहेत त्यांचे.) मास्तरीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आरसा असू दे तिथेच. म्हणजे मीसुद्धा, मामा!

मामी म्हणते, इतकी वर्षं तुम्ही परसात समोर कोणी नाही असं समजून मोजत आलात. समोर नव्हतंच कोणी. पाठीमागे, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आत, ती होती. तिची एक सकाळ चुकली नाही. (यातलं काही त्यांना कळवू नको असंही म्हणते. म्हणून मी कळवत नाही.)

शेवटचा ता. क. – गाणं चालू आहे, घाईत लिहितोय. पडद्याखाली आत्ता दोन बूट येऊन उभे राहिलेत. कॅनव्हासचे, खडू लावून पांढरे केलेले, टाचा जुळलेल्या. मंडळातलं कुणीच ते ओळखत नाही. मामी पुटपुटली, "बहिणीला फोन केला वाटतं यांनी," आणि तिने शिट्टी पाठीमागे लपवली. माझी पाठ आपोआप ताठ झालीय. पाकीट आता पोस्टात टाकत नाही, हातातच देतो. पण जरा थांबून, कारण त्या बुटांपैकी एक हळूच तालावर आपटतोय. डावा.

नाही, दुसरा डावा.