पाच चिठ्ठ्या

प्रिय शीला,

काल फोनवर तू विचारलंस, बा, आवाज असा काहून येऊन राह्यला? मी थंडीचं नाव सांगितलं. थंडी आहेच. मानोऱ्याकडचा वारा दहा वाजेपर्यंत हाडांत बसून असतो. तुरीची सोंगणी चालू आहे, तुझा भाऊ वीरेंद्र आणि सूनबाई रेणू दिवसभर शेतात, ओट्यावर मी आणि ऊन एवढेच. पण खरं कारण थंडी नाही. मी थकलोय, बेटा. गुडघे थकले ते निराळं. एक गोष्ट सहा वर्षं कुणाला न सांगता वागवतोय, तिनं थकलोय. फोनवर ती सांगता येणार नाही. तू मधेच काही बोलशील आणि मी गप्प बसेन. म्हणून कागद घेतला.

तांड्यावरच्या आपल्या शाळेत शुक्रवारी शेवटच्या तासाला मी कविता म्हणवून घ्यायचो, आठवतं? ऊसतोडीच्या दिवसांत अर्धी पोरं आईबापांसोबत गेलेली, वर्गात उरायची नऊ-दहा. ती नऊ-दहा पोरं चालीवर म्हणायला लागली की पत्र्यांना कंप सुटायचा, आणि मला वाटायचं, जगात एवढंच असावं. तू शेवटचं कडवं मुद्दाम गाळायचीस, लवकर सुट्टी व्हावी म्हणून. मला कळायचं. कवितेचं मला जेवढं वेड, तेवढंच काळजीचं. जऊळक्याच्या स्टेशनावर तुम्हाला रेल्वे दाखवायला नेलं तेव्हा मी रेल्वेकडे पाहिलंच नाही, डोकीच मोजत उभा राहिलो. तुझी आई, तुझी याडी, पुढे कित्येक दिवस पोरांना विचारायची, गाडी आली अन् गेली, मास्तरानं काय पाह्यलं?

प्रभूकडे आधी तीच वळली. टीबीनं अंथरुणाला खिळली होती तेव्हा शेलूबाजारच्या ख्रिस्ती मंडळीचे पुंजाजीभाऊ आणि त्यांच्या घरच्या बाया येऊन तिच्यापाशी बसायच्या, प्रार्थना करायच्या, उठताना भांडी घासून जायच्या. ती बरी झाली आणि दर रविवारी भाऊंच्या उपासनेला जाऊ लागली. मी मागून गेलो, ते गाण्यांच्या ओढीनं. उद्याची चिंता करू नका हे सांगताना प्रभूनं आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं दाखवली, ते ऐकून पहिल्याच रविवारी माझे डोळे भरून आले. भाऊंना वाटलं, मास्तरचं मन पालटलं. मन कुठलं पालटतंय. मला ती कविता म्हणून आवडली होती. मनातल्या मनात तिला शंभरपैकी शंभर गुण दिले आणि घरी येऊन दाराची कडी दोनदा तपासली.

नव्या वर्षाच्या सकाळी आपल्या मंडळीत ताटातून वचनाची चिठ्ठी उचलायची रीत आहे. ज्याच्या हाती जी येईल, ते त्याला देवानं त्या वर्षासाठी दिलेलं वचन. अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्या मीच लिहायचो, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. सहा वर्षांपूर्वी तुला दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात नवजात बाळांच्या नर्सिंगचं दोन वर्षांचं शिक्षण मिळत होतं. तू म्हणाली होतीस, चिठ्ठीत काय येते ते पाहू. त्या सकाळी अकोल्याहून ड्यूटी संपवून, शेलूबाजारहून जीपनं तू पोचलीस तोवर सगळ्यांचं उचलून झालं होतं. ताटात पाच चिठ्ठ्या उरल्या होत्या. शीला, त्या पाचही चिठ्ठ्यांवर एकच वचन होतं, आपल्या भूमीत वस्ती करून राहण्याचं. उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्या मी काढून घेतल्या होत्या. तू डोळे मिटून प्रार्थना केलीस आणि मधली उचललीस. वाचताना तुझा चेहरा जरासा उतरला. मग हसून म्हणालीस, झालं, प्रभूनं सांगतलं. तिसऱ्या दिवशी तू नकार कळवलास. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, हे मला अजून टोचतं.

बाकीच्या चार चिठ्ठ्या माझा सदरा धुताना खिशातून तुझ्या याडीच्या हाती लागल्या. वाचायला तिला मीच शिकवलं होतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, मास्तर हाय तं मास्तरच राहा, देवाची सही कायले करता? आणि म्हणाली, पोरीले तुमीच सांगा, मी नाई सांगत. त्यानंतर दोन वर्षं जगली, पण विषय पुन्हा काढला नाही. तिनं काढावा म्हणून मी वाट पाहत राहिलो. मग वाट पाहायलाही कुणी उरलं नाही.

परवा वीरेंद्रनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, जर्मनीतल्या दवाखान्यानं तुला बोलावलंय, दहा जानेवारीच्या आत कळवायचंय, आणि तू म्हणालीस की एक तारखेला चिठ्ठीत येईल तसं करीन. मी तेव्हा पत्रिका कापतच बसलो होतो. पहिल्याच तुकड्यावर माझा हात तेच वचन लिहू लागला. अर्धं लिहून झाल्यावर मला कळलं. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन, रक्तदाब, तुझा परका देश, तिथलं बर्फ, आजारी पडलीस तर पेज कोण करून देईल, सगळं मनात रांग लावून उभं. या रांगेलाच मी थकलोय. वीस वर्षं ज्याची गाणी म्हणतोय त्याच्यावर तुझ्या बाबतीत मी एकदाही भरवसा ठेवला नाही. कात्री खाली ठेवली. चिठ्ठ्यांचं काम भाऊंच्या मंजुषाकडे दिलं आणि भाऊंना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, मास्तर, आमाले सांगून काय होते? जिले सांगाचं तिले सांगा. विश्वास ठेवला की भीती जाते असं मला वाटायचं. ती गेलेली नाही. सकाळी तुझं नाव घेऊन म्हणतो, प्रभू, ही तुझी. दुपारपर्यंत तुला परत मागून घेतो. दिवेलागणीला पुन्हा देतो. सध्या एवढंच जमतंय.

म्हणून हे पत्र, एक तारखेच्या आत तुझ्या हाती पडावं असं. तेव्हाचा निरोप देवाचा नव्हता, माझा होता. तुझी दोन वर्षं, तुझं शिक्षण मी घेतलं, आणि ते त्याच्या नावावर घेतलं. माफ करता आलं तर कर. राग आला तर तोही लिहून पाठव, मी वाचेन. पण यंदा ताटातून काही उचलू नकोस. तुझी तूच प्रार्थना कर, तूच ठरव. माझ्यापाशी वीरेंद्र आहे, रेणू आहे, आणि ज्यानं तुझ्या याडीला सांभाळलं तो आहे. जायचं ठरलं तर मी अकोल्याच्या स्टेशनावर येईन आणि बहुतेक रडेन. त्या रडण्यात देवाची इच्छा शोधत उभी राहू नकोस. गाडीत चढ.

तुझाच,
बा