आखूड नळीची पावडर

७ सप्टेंबर, रविवार
काल गणपतीचं बादलीत विसर्जन केलं. चौरंग अजून तिथेच आहे, उचलायचा कंटाळा. संध्याकाळी पुन्हा ह्यांच्यासाठी वाचायला बसले. काडतुसं भरण्याचं जाड इंग्रजी पुस्तक, पानंच्या पानं कोष्टकं. मी आकडे वाचायचे, ह्यांनी डोळे मिटून ऐकायचं. पूर्वी स्वतः वाचत. हल्ली म्हणतात, "तू वाच. कॉन्व्हेंटचा उच्चार ऐकायला बरा वाटतो." अडतीस वर्षांच्या संसारात उच्चाराचं कौतुक पहिल्यांदाच.

निमित्त अबू हमद यांची रायफल. (पुढे अ.ह.) नेमबाजीच्या क्लबचे मालक. हे फौजेतून आर्मरर, म्हणजे बंदुकांची देखभाल करणारे, म्हणून सुटले, तेव्हापासून पंचवीस वर्षं इथे आखातात त्यांच्याकडेच. खांद्याच्या ऑपरेशननंतर अ.ह.ना लांब रायफल पेलवेना, गाडीत अडकायची, म्हणून नळी चार बोटं कापून घेतली. नोव्हेंबरात आफ्रिकेला शिकारीला जायचंय, शेवटची सफर म्हणतात. जुन्याच काडतुसांनी झाडून पाहिली तर नळीच्या तोंडाशी हातभर जाळ. अ.ह. म्हणाले, "उस्ताद, ये राइफल है या दिवाली?"

आता काडतुसांत भरायला नवी पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, निवडायची.

१० सप्टें., बुध.
वाचून वाचून मलाही कळायला लागलंय. नळी आखूड, म्हणजे गोळीला आत वेळ कमी. सावकाश जळणारी पावडर पुरी जळायच्या आत गोळी निघून जाते. उरलेली बाहेर जळते. म्हणून जरा लवकर जळणारी हवी. फारच लवकरची घेतली तर आत दाब वाढतो. ह्यांना हे सांगून दाखवलं तर म्हणाले, "तुला आर्मरर करायला हवं होतं, मला आमटी."

दोन पावडरींवर आलंय. एक काडीची, शेवयांच्या चुऱ्यासारखी. उन्हातान्हात सारखी वागते, पण मापाच्या यंत्रात अडकते, म्हणून प्रत्येक काडतुसाची पावडर काट्यावर तोलावी लागते. दुसरी गोल दाण्याची, खसखशीसारखी. यंत्रातून पाण्यासारखी पडते. माप एकदा लावलं की झालं. पण ती तापली की दाब चढतो.

पावडर क्लबच्या परवान्याच्या खोलीबाहेर येत नाही. घरी येते ती वही आणि पुस्तक. तरी मला वाटतं, ह्यांच्या बोटांना तो वास असतो. बेळगावला, लग्नानंतर कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हाही असायचा. बाहेर गुलमोहोर, आणि हे दारातच बूट काढून

कुकर. उठते.

१३ सप्टें., शनि.
रोल्लाच्या बाजारात गेलो. स्टॉपवर ह्यांनी भलत्याच बसला हात केला. "उन्हामुळे," म्हणाले. दुकानात मी भाजी बघेपर्यंत तूरडाळ घेऊन आले. घरी फोडली तर हरभऱ्याची.
"बोटांनी चाचपून घेतली होती," म्हणे.
"मग बोटांना सांगा, आता पुरण वाटायला या."
हसले. मीही हसले. पुरण घातलं. वाटताना मात्र हात थांबत होता.

१७ सप्टें., बुध.
ह्यांची क्लबची वही पहिल्यापासून मीच साफ अक्षरात उतरवते. अ.ह.ना माझं अक्षर आवडतं. म्हणतात, मॅडमचं लिखाण म्हणजे जरीकाम. आज उतरवायला घेतली. गेल्या तीन-चार महिन्यांच्या ओळी एकमेकींवर चढल्यात. एक ओळ दुसरीच्या पोटातून गेलीय.

शेवटी निर्णय लिहिलाय: गोल दाणा.

पंचवीस वर्षं ह्या माणसाच्या तोंडून एकच ऐकलंय, ह्या वाळवंटात गोल दाणा नको. विचारलं. म्हणाले, "काम लवकर होतं." टीव्हीचा आवाज वाढवला.

गोल दाण्याला काटा वाचावा लागत नाही. एवढंच. बाकी काही कारण नाही.

१९ सप्टें., शुक्र.
जेवण झाल्यावर सरळ विचारलं. आधी चिडले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. मधोमध डाग आहे म्हणतात. बाजूचं दिसतं, समोरचं नाही. काट्यावरचे आकडे अर्धे उरतात. डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं. मार्चमध्ये. म्हणजे सहा महिने हे माझ्या शेजारी बसून बातम्या बघतायत, आणि मी

"सांगून काय करणार होतीस?"
"निदान डाळ मी आणली असती."

जानेवारीत व्हिसा संपतो. साठीनंतर दर वेळी अ.ह. पत्र देतात म्हणून वाढवून मिळतो. डोळे गेलेल्या आर्मररला कोण पत्र देईल, असं म्हणाले. मी ताटं उचलली.

२१ सप्टें., रवि.
केतकीचा फोन, टोरोंटोहून. तिला सांगितलं. "मॉम, जस्ट टेल देम. इट्स अ गन, फॉर गॉड्स सेक." हिला सगळंच जस्ट. फोन ठेवल्यावर वाटलं, बरोबरच बोलली. तरी राग आला.

बेळगावचा फ्लॅट आठ वर्षं बंद आहे. तिथे जाऊन आम्ही काय करणार, हे डोळ्यांसमोर येत नाही. इथे तरी भाजीवाला नावाने ओळखतो.

२३ सप्टें., मंगळ.
सकाळी सातला गोल दाण्याची काडतुसं अ.ह.नी झाडून पाहिली. जाळ जवळजवळ नाही. वेग हवा तेवढा. "खलास, उस्ताद. यही." शंभर भरायला सांगितलीत. ह्यांना मिठीही मारली म्हणे. घरी आले ते खजुराचा डबा घेऊन, पण चेहरा पडलेला.
मी म्हटलं, "सकाळी सातचं ऊन आणि दुपारी गाडीत तापलेलं काडतूस, सारखं असतं का?"
"नसतं."
"मग?"
"बघतो."
दाब फार चढला तर रायफल फुटते, आणि झाडताना माणसाचा गाल तिला टेकलेला असतो. हे मला ह्यांनीच शिकवलंय.

२५ सप्टें., गुरु.
आज हे लवकर आले. अंघोळ केली, चहा घेतला, मग आपणच बोलायला लागले. पाच काडतुसं दुपारी उन्हात ठेवली आणि स्वतः झाडली. तिसऱ्याला पुंगळी काढायचा बोल्ट जड गेला. चौथ्याला हाताच्या तळव्याने मारून उघडावा लागला. पुंगळीचा मागचा भाग दाबाने चेपून चकाकत होता. पाचवं झाडलं नाही.
"डोळ्यांनी नाही कळलं, शैला. हाताला कळलं."
मी त्यांचा हात बघितला. तळव्यावर लाल वण. उगाच खोबरेल लावलं. काही उपयोग नसतो त्याचा, तरी लावलं.

स्वतःचा गाल टेकवून पाहून आले, हे मला सांगताना जसं काही बस चुकली असं सांगत होते.

म्हणजे गोल दाणा बाद. काडीची पावडर घ्यायची, शंभर वेळा तोलायची, शंभर वेळा काटा वाचायचा.

२६ सप्टें., शुक्र.
"तू ये ना क्लबला. तू फक्त वाच," असं म्हणाले. त्या खोलीत परवाना नसलेल्या माणसाला पाय ठेवता येत नाही. हे त्यांनाही माहीत आहे. पाठोपाठ म्हणाले, "नाही, राहू दे."

मग बराच वेळ भांडलो. आवाज न चढवता, भिंती पातळ आहेत.
"पंचवीस वर्षांत माझं एक काडतूस चुकलेलं नाही."
"म्हणून तर अ.ह. न बघता घेतात."
"क्लबात तो नवा फिलिपिनो आहे, परवाना आहे त्याला. वाचेल काटा. पण का वाचायचा, हे त्याला सांगावं लागेल."
"मग सांगा."
"त्याला सांगितलं की दुपारपर्यंत अ.ह.ना कळतं."
"मग आधी त्यांनाच सांगा. नाहीतर मी फोन करीन."
"करशील?"
करीन म्हटलं. करवेल की नाही, मला माहीत नाही. केतकीच्या लग्नाला तो माणूस बेळगावपर्यंत आला होता. मांडी घालून पंगतीत बसला, उठता येईना तेव्हा ह्यांनी हात दिला.

२८ सप्टें., रवि.
वही पुरी उतरवली. उतरवताना आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर आठवल्या, चौथीला वाचन घ्यायच्या. मुली धडा पाठ असल्यासारख्या घडाघडा वाचत, तेव्हा पट्टी टेबलावर टेकवून म्हणायच्या, लिहिलंय ते वाच, तुला वाटतं ते नको. मला तेव्हा ते छळ वाटे.

नव्या भरणीचं पान सवयीप्रमाणे केलं. वर तारीख. रायफल: अ.ह. यांची, आखूड नळी. पावडर: काडीची. खाली ह्यांची सही लागते, तिथे रेघ मारली. आणि त्या रेघेच्या वर आणखी एक ओळ घातली, इंग्रजीत, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात: काटा वाचणाऱ्याचं नाव. पुढे जागा कोरी सोडली.

संध्याकाळी हे म्हणाले, "वाच बघू काय लिहिलंस." वाचलं. सगळं, त्या ओळीसकट. पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं.
"ही ओळ आपल्या पानावर कधी नव्हती."
"नव्हती."
"खोडता येईल?"
"पेनाने लिहिलीय."
गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, कितीतरी वेळ. मी चौरंग उचलून आत ठेवला. तीन आठवडे तिथेच होता.

२९ सप्टें., सोम.
सकाळी ह्यांनी पांढरा शर्ट मागितला, इस्त्रीचा. कामाला जाताना कधी घालत नाहीत, डाग पडतात. बटणं एक-एक चाचपून लावली. मी पुढे झाले नाही. दारात म्हणाले, "जेवायला थांबू नकोस."
"अहो, बस बघून घ्या."
"ड्रायव्हरला विचारीन. विचारायचं ठरवलंय आता."

हे बसपुरतंच म्हणाले, की बाकीचंही, कळलं नाही.

आवरायला घेतलं. वही टेबलावर नव्हती. चपलांच्या कपाटावर, टीव्हीखाली, सगळीकडे पाहिलं. नेलीय. तिच्याबरोबर माझं पेनही नेलंय. खोडायला नेलं असेल, की नाव लिहायला?

दीड वाजला. आमटी केली आहे, तुरीची. दोघांची.