त्या सकाळी ताप नव्हता

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, धर्म ख्रिस्ती, प्रसूतिगृहातली निवृत्त परिचारिका, राहणार दुसऱ्या मजल्यावरच्या याच दोन खोल्यांत, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, कान अर्धे गेले आहेत, आणि हा कागद मी कोणा माणसाच्या धाकाने लिहीत नाही. धाक आहे, पण तो येत्या रविवारचा आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

कलम १. राहते घर मुलाला द्यावे. तो लिफ्टदुरुस्तीचे काम करतो. न्हाणीघराचे दार उचलून लावावे लागते हे त्याला सांगायला नको, गेली दहा वर्षे 'पुढच्या खेपेला बघतो' म्हणणारा तोच आहे. घर देताना मी त्याला कोणतीही अट घालत नाही. हे वाक्य मुद्दाम लिहिले आहे. पाचवे कलम वाचून त्याने माझ्या दफनविधीला यायचे नाही असे ठरवले, तरी घर त्याचेच.

कलम २. बँकेत जे असेल ते सुनेला. ती शाळेत शिकवते. तिने मला आजवर एकदाही उलट उत्तर दिलेले नाही, त्यामुळे तिच्या मनात काय चालते याचा मला थांग लागलेला नाही. मला तिची थोडी भीतीच वाटते.

कलम ३. बाळे तोलायचा काटा, नाळेची कात्री आणि छातीवर लावायचे घड्याळ प्रसूतिगृहातल्या नव्या परिचारिकेला द्यावे. 'मॅडम, आता हे कोणी वापरत नाही,' असे ती म्हणाली होती. तरी तिने घ्यावे. या हत्यारांबरोबर आम्हाला आणखी एक काम शिकवलेले होते. बाळ हाती लागत नाही असे दिसले, आईबापांची इच्छा असली आणि चर्चच्या पाळकसाहेबांना बोलवायला वेळ नसला, तर डोक्यावर तीनदा पाणी घालून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने आपणच बाप्तिस्मा द्यायचा. 'पाणी कोणाच्या हातून पडतं ते देव बघत नाही,' असे तेव्हाचे पाळकसाहेब म्हणायचे. मी अकरा बाळांना दिला. नऊ गेली, दोन जगली.

कलम ४. मला कुठेही पुरावे. माझी लेक नऊ वर्षांची असताना तापाने गेली. तिच्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेवा असे मी सांगून ठेवले होते, ती चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या मावशीला दिली. मी त्यांना क्षमा केली आहे. दर रविवारी त्यांचे तोंड दिसले की पुन्हा करावी लागते. त्यांना माझ्या वेळी प्रार्थना करायची असल्यास तीन मिनिटे द्यावीत, वर एक सेकंद नाही. जागेवरून एवढा राग येत नाही. लेकीच्या मातीला त्यांनी माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'देवाला चांगली मुलं लवकर लागतात, बाळा.' मुलगा बारा वर्षांचा होता. तो म्हणाला, 'मग मी वाईटच राहतो.' त्या दिवसानंतर तो चर्चची पायरी चढला नाही.

कलम ५. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी सुनेचे ऑपरेशन झाले. नात पाच महिन्यांची होती. मुलगा तिला घेऊन आला आणि दारातच म्हणाला, 'आई, आठ दिवस सांभाळ. एकच सांगतो, तिला चर्चचं काहीही करायचं नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल.' मी हो म्हटले. तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. तापाने मला एकदा लुटलेले होते. डॉक्टरांनी औषध दिले. चौथ्या दिवशी सकाळी मी तिला स्वयंपाकघरातल्या नळापाशी नेले आणि बाप्तिस्मा दिला.

इतकी वर्षे मी स्वतःला समजावत आले की ताप होता म्हणून दिला. मृत्युपत्रात खोटे लिहू नये. त्या सकाळी ताप नव्हता. अंग गार होते, तिने बाटलीभर दूध संपवले होते, आणि डोक्यावर पाणी पडले तेव्हा ती खुदकन हसली. ती मरत नव्हती. मी घाबरले होते, एवढेच. मुलाला शब्द दिला होता तो मी तिथेच मोडला आणि मग तिचे डोके टॉवेलने पुसून टाकले.

ही नात आता औषधांच्या दुकानात काम करते. वर्षभरापूर्वी ती आपणहून पाळकसाहेबांकडे जायला लागली. मी तिला एका शब्दानेही सुचवलेले नव्हते, शपथेवर सांगते. येत्या रविवारी तिचा बाप्तिस्मा आहे. मुलगाही येणार आहे. 'तिचं तिने ठरवलंय, मग मी का नको येऊ?' असे तो मला म्हणाला, आणि मला आनंदाने रडताही आले नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो. मी गप्प बसले, तर पोर वेदीसमोर उभी राहून झालेलीच गोष्ट पुन्हा करून घेईल आणि ते पाप माझ्या गळ्यात. बोलले, तर तिचा दिवस मी हिरावून घेणार आणि मुलगा चर्चच्या फाटकातून मागे फिरणार.

मी पाळकसाहेबांना विचारून पाहिले. म्हटले, एका ओळखीच्या बाईने असे केले आहे. ते म्हणाले, 'पाणी आणि देवाचं नाव दोन्ही झालं असेल, तर झालं. मी पुन्हा देणार नाही. त्या मुलीने उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा.' मग चष्मा पुसत म्हणाले, 'आणि त्या ओळखीच्या बाईंना म्हणावं, रविवारच्या आत घरी बोला.'

बुधवारी हे कलम पुरे केले तेव्हा बरे वाटले. गुरुवारी लक्षात आले की मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, रविवार त्याआधी आहे, आणि माझी प्रकृती उत्तम आहे. जिथे मला कोणी जाब विचारू शकणार नाही अशी जागा शोधून मी कबुली दिली होती. याला कबुली म्हणत नाहीत.

कलम ६. म्हणून आज, शुक्रवारी, नात कामावरून आली तेव्हा मी हा कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्यानेच वाचला. मग स्टुलावर बसली.

'आजी, मला हे स्वतःहून करायचं होतं गं,' ती म्हणाली. 'वर्षभर मी त्याचीच वाट बघत होते.'

मी म्हटले, 'माहीत आहे.'

'माहीत होतं तर वर्षभर गप्प का बसलीस?'

ती रडली, मी जवळ गेले तर तिने हात झटकला. चहा केला तो तिने घेतला नाही. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने विचारले, 'बाप्तिस्म्यात माझं नाव काय ठेवलं होतंस?'

मी सांगितले. तिने ते हळूच एकदा म्हणून पाहिले. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचे आहे. मग ती म्हणाली, 'पप्पांना मी सांगणार नाही. तू सांग. आत्ता.'

मुलाला फोन लावला. सगळे सांगितले, तापाचे काही पांघरूण न घालता.

'येईन मी रविवारी,' तो म्हणाला. 'तिच्यासाठी येईन. पण तुझ्या बाकावर बसणार नाही.'

मी म्हटले, 'बाकं भरपूर आहेत रे.'

वरील सर्व मजकूर माझा आहे आणि माझ्या अक्षरात आहे. सही वाकडी आली आहे, ती ग्राह्य धरावी.

सही: लिहून ठेवणारी, आई आणि आजी

आमच्यासमक्ष सही झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.
साक्षीदार १: खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी शेजारीण
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे डॉक्टर

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरात
दिनांक: सतरा, शुक्रवार